उपाशीपोटीचे रिपोर्ट

नवऱ्याची लघवी दुधासारखी पांढरी यायला लागली, तेव्हा आधी मी त्याच्यावरच ओरडले. "दिवसभरात पाणी पितोस का? ऑफिसात नुसती कॉफी!" ओरडले, कारण घाबरले होते. त्याचं वजन उतरत होतं, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून झाली होती, आणि मला किडनीपासून कॅन्सरपर्यंत सगळं दिसत होतं.

मग मी कंबर कसली. तपासणी म्हणजे उपाशीपोटी, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. आदल्या संध्याकाळपासून त्याला पाण्याशिवाय काही नाही, आणि आमच्या व्हाइटफील्ड भागातला ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत आम्ही लॅबच्या दारात. तीनदा नमुना दिला. तिन्ही वेळा लघवी स्वच्छ, रिपोर्ट नॉर्मल! घराजवळचे डॉक्टर त्यांच्या कन्नडमिश्रित हिंदीत म्हणाले, "स्वल्प टेन्शन कम कीजिए," म्हणजे जरा टेन्शन कमी करा. माझा नुसता तिळपापड झाला. एरवी मात्र, अंगावर मांस चढावं म्हणून, डिंकाचे लाडू काय, वरणावर तुपाची धार काय! माझा नागपूरकर नवरा गुपचूप खायचा. "काही नाही होऊन राहिलं मला, तू नको चिडू," एवढंच.

शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला, राजाजीनगरला, मूत्रविकारांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट चाळून बाजूला ठेवले. "नमुना द्यायच्या आधी काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही," मी ताठ मानेनं सांगितलं.

मग त्यांनी त्याला विचारलं, "पांढरी कधी होते?" त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "तूप खाल्लं की. लाडवांनंतर जास्त."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "मग बोलला का नाहीस रे?"

"तू एवढं करत होतीस..."

बाईंनी समजावून सांगितलं. जेवणातली चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यातली एखादी किडनीपाशी फुटून लघवीत गळत असावी. पूर्वी कधी डासातून आलेला हत्तीरोगाचा जंत हे त्याचं कारण असू शकतं. उपाशी माणसाच्या नळीत गळायला चरबीच नसते. म्हणजे मी दर वेळी दुखणं झाकून त्याला तपासायला नेत होते.

दुर्बिणीच्या तपासणीआधी त्यांनी मुद्दाम बेण्णे डोसा, म्हणजे लोण्यात माखलेला डोसा, खायला सांगितला, म्हणजे कोणती बाजू गळतेय ते दिसेल. लोण्याचा एकेक घास त्याच्या तोंडात जाताना मी मोजत होते. डाव्या बाजूनं पांढरी धार दिसली. पुढचे काही दिवस बारीक नळीतून तिथे औषध सोडलं. तो दात आवळून पडून राहायचा, आणि मी बाहेर बाकावर देवाला वेठीला धरायचे.

लघवी स्वच्छ झाली. पण घरी सोडताना बाई म्हणाल्या, "हे उलटू शकतं. तूप-तळण बंद, आणि पांढरी दिसली की लगेच यायचं."

रिक्षात मी त्याचा हात घट्ट धरला. "परत झालं तर सांगशील ना मला? त्याच दिवशी?"

"हो," तो लगेच म्हणाला. माझ्यापुढे तो कशालाही हो म्हणतो, आणि ही सवय त्याला मीच लावलीय.