भिंतीच्या दोन्ही बाजूंना

फोन आला तेव्हा मी कासाच्या बाजारात भाजी घेत होते. "आई गेली," रेखाबाईंचा मुलगा म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघालं, "कशावरून?" असं कोणी विचारतं का अशा वेळी! पण चिखल्याच्या शाळेत शेजारच्या वर्गातून इतकी वर्षं बाईंचं 'कशावरून?' ऐकल्यावर जिभेला तेच वळण लागलेलं. पलीकडे तो रडता रडता हसला. "आईला आवडलं असतं हे..."

बाई तलासरीकडच्या, वेवजीच्या. समुद्राशी संबंध फक्त ताटातल्या मासळीचा. पण शाळेत आल्या आणि आठवड्यातून एक दिवस वर्ग किनाऱ्यावर भरवू लागल्या. कोणी म्हणालं की सुरूच्या झाडांमुळे वाळू थांबते, तर पोरांनी जाऊन बघायचं, खरंच थांबते का. मासळी कशी सुकते, तेही तिथेच बघायचं. पालकांना हे काही रुचेना. सभेत कमळ उभी राहिली. मासे विकून आलेली, टोपली अजून हातात. "बाई, मासली सुकवायला आमची पोरं घरी शिकतात. त्यासाठी शाला कशाला? भायेरचा वर्ग बंद करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापकांनीही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग एक प्रश्न तुम्हीच द्या पोरांना. नाही जमलं तर वर्ग बंद."

कमळने कसलीही भीडभाड ठेवली नाही. "यंदा आमचे बोंबील नासतात. का, ते सांगा."

वस्तीत याचं उत्तर कधीच ठरलं होतं: नजर लागली. कमळच्या घराला नुकतं कुंपण झालं होतं, चांगली डोक्याएवढी भिंत. बोंबलांवर वाळू उडू नये म्हणून तिने बांबू आणि दोऱ्या भिंतीच्या आड नेल्या होत्या. वर लिंबू-मिरच्या टांगल्या, तरी बोंबील मऊच. तिची मुलगी भारती बाईंच्याच वर्गात. तिने आणि पोरांनी एकाच टोपलीतले बोंबील घेतले, जबड्यात जबडा अडकवून निम्मे भिंतीच्या आत टांगले, निम्मे बाहेर. ऊन दोन्हीकडे सारखंच. बाईंनी छातीठोकपणे सांगितलं, "आतले आधी सुकणार. भिंत तापते ना!" मी घाबरले. वर्ग पणाला लागलाय आणि या बाई पैजा मारतायत.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे बोंबील कडक झाले, आतल्यांवर माश्या घोंघावत होत्या. भिंतीने वाळूबरोबर वाराही अडवला होता. "बाई हरल्या! बाई हरल्या!" पोरं नाचत सुटली, आणि त्यांच्यात सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होत्या त्या बाईच. कमळने त्याच संध्याकाळी दोऱ्या बाहेर काढल्या. लिंबू-मिरच्याही सोबत नेल्या. भारतीने डोळे वटारले तेव्हा म्हणाली, "आसू दे गो. त्या काय वारा अडवत नाय." बाहेरचा वर्ग पुन्हा कोणी बंद करायला सांगितला नाही. पण बाई गेल्यावर मला तीच धास्ती होती... नवे मास्तर येतील, चार भिंतींत बसतील, आणि हे सगळं बाईंबरोबर संपेल.

दहाव्याला पोरं, त्यांच्या आया आणि मी, असे आम्ही टेम्पो करून वेवजीला गेलो. पिंड ठेवला. कावळे झाडावर, पण एकही खाली उतरेना. बाईंचा जीव कशात तरी अडकलाय, अशी कुजबुज सुरू झाली. मुलाने जे सुचेल ते कबूल करून पाहिलं. शेवटी कमळ पुढे आली, हात जोडून म्हणाली, "बाई, भायेरचा वर्ग आमी बंद पडू नाय देनार. मास्तर कोन पन येवू दे." आणि तेवढ्यात मागून भारती ओरडली, "सगले पिंडाला चिकटून उभे, कावला येल कसा? मागे सरा!"

आम्ही सरलो. कावळा उतरला.

"बग, माझा शब्द पोचला," कमळ डोळे पुसत म्हणाली.

"छा! मी लोकांना मागे सारलं म्हनून आला."

टेम्पोत चढता चढता तिसरीच एक मुलगी म्हणाली, "दोन्ही एकदमच केलं तुमी. आता कसं कलनार, कशाने आला?"

झालं! चिखल्यापर्यंत टेम्पोत नुसता कल्ला. पोरं भांडत होती, आया भांडत होत्या, टेम्पोवाला मान मागे वळवून आपलं मत देत होता. मी कोणालाच गप्प केलं नाही. बाईंचा वर्ग भरला होता.