मावशीची तेरवी

गोंदियात कुणी शेठ गेला की आम्हा पोरींना लाडू मिळायचे. ऐकायला वाईट वाटतं, पण होतं तसंच सांगते. स्वातंत्र्यानंतरच्या पाचसात वर्षांतली गोष्ट. केशोरीकडच्या आमच्या गावात पटकी आली, आई-बाप एकाच आठवड्यात गेले आणि गावच्या मास्तरांनी मला गोंदियाच्या मुलींच्या अनाथाश्रमात आणून सोडलं. धान-तांदळाच्या व्यापाऱ्यांच्या देणगीवर तो चालायचा. तेराव्या दिवशी, तेरवीला, अनाथांना जेवू घालणं पुण्याचं, म्हणून त्यांचे मुनीम आम्हाला बोलवायला यायचे. आम्ही अंगणात वेगळ्या पंगतीला बसायचो, वडे-कढीवर ताव मारायचो आणि गेलेल्याचं नावही न विचारता परत यायचो.

परतल्यावर स्वयंपाकाची मावशी दारातच विचारायची, "पोटभर जेवल्या ना? मंग गेलेल्याले चांगलं म्हना." ती तिरोड्याकडची. लहानपणीच विधवा झालेली, मागंपुढं कुणी नाही. तेरवीला बाहेरचं माणूस जेवल्याशिवाय गेलेल्याचा जीव सुटत नाही, असं ती सांगायची. "तुमी जेवता म्हनून सुटतात ते," असंही म्हणायची. आपण शेठ लोकांवर केवढे उपकार करतो, असं आम्हाला वाटायचं.

मी तेरा वर्षांची असताना मावशी तापानं गेली. मी आश्रम सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, मावशीची तेरवी आपण करायची, स्वयंपाक मी करते. त्या म्हणाल्या, "कर. पण जेवायला कोण येईल?" मला रागच आला. ज्यांच्या तेरव्या आम्ही जेवलो ते येतील की! मी स्वतः चार घरी जाऊन आमंत्रण देऊन आले. सगळीकडे "हाँ हाँ, बेटी" झालं.

तेरवीच्या दिवशी आम्ही मोठ्या पोरींनी भात, वरण, वांग्याची भाजी आणि वडे केले. पडवीत पाहुण्यांसाठी पत्रावळ्या मांडल्या. दुपारी पहिला मुनीम आला. त्याच्या मागं गड्याच्या डोक्यावर टोपली, तिच्यात तांदूळ, डाळ आणि गूळ. "सेठजी ने सीधा भेजा है," म्हणाला. मी म्हटलं, जेवून जा. तो पत्रावळ्यांकडे न बघता जोडे घालून निघाला. थोड्या वेळानं दुसऱ्या घरचा शिधा आला, मग उरलेल्या दोन घरांचाही. माणूस एकही बसलं नाही.

मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "तुमच्यातल्या कितीतरी जणींची जात कुणाला ठाऊक नाही. तुमच्या हातचं शिजलेलं ते नाही खाणार. शिधा दिला की त्यांचं झालं." इतकी वर्षं त्यांच्या अंगणात जेवले आणि एवढं मला कळलं नव्हतं. लाज वाटली आणि संतापही आला, त्यांचा आणि माझाही. लहान पोरी भुकेनं कुरकुरत होत्या, पण पाहुण्याआधी त्यांना वाढायचं कसं? मावशी आता अडकून राहणार, हे मला अगदी खरं वाटत होतं.

ऊन कलल्यावर पत्रावळ्या विकणारी गोंडीण दारात आली. सकाळी तिनंच पत्रावळ्या आणून दिल्या होत्या, आता बाजार आटोपून गावी निघाली होती.

"माह्या पत्रावळ्या कोऱ्याच काऊन पडून राहिल्या?"

"कोनी आलं नाही," मी म्हटलं.

"बुढीची तेरवी हाय ना? मंग वाढ मले."

तिनं पाय धुतले आणि पडवीत पहिल्या पत्रावळीवर बसली. मी वाढलं. तिनं दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे पाहिलं.

"वरनात मीठ नाही, पोरी."

मीठ नेहमी मावशी घालायची. आम्ही सगळं शिजवायचो, पण मिठाला हात लावायची आमची टाप नव्हती. मी मीठ आणायला आत गेले आणि बरणी मांडीवर घेऊन चुलीपाशी हमसून हमसून रडले. बाहेरून तिची हाक आली, "आन ना वं लवकर! अजून भात घ्याचा हाय मले."