लांब खिळ्यांची हौस

माझ्या सासऱ्यांना मी मिनेसोटातल्या एका गोठलेल्या तळ्याच्या बरोबर मध्यावर नेऊन बंद पाडलं. (म्हणजे स्नोमोबिल बंद पडली. सासरे चालू होते. चांगलेच चालू होते!)

ती स्नोमोबिल मी ऑफिसमधल्या एका मित्राकडून सेकंडहँड घेतली होती. ज्यांनी हे वाहन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : पुढे दोन स्की, मागे रबरचा रुंद पट्टा, आणि वर माझ्यासारखा एखादा नागपूरचा माणूस, ज्याने पंचविसाव्या वर्षापर्यंत बर्फ फक्त रसवंतीत पाहिला होता. पट्टा गोल फिरतो आणि गाडी पुढे पळते. पण तळ्याच्या गुळगुळीत बर्फावर माझी गाडी पुढे कमी आणि आडवी जास्त जायची. त्यावर उपाय एकच, पट्ट्यात टोकदार खिळे बसवायचे. त्यांना इथे स्टड म्हणतात.

दुकानात तीन मापांचे स्टड होते. मी सगळ्यात लांब उचलले. एवीतेवी लावायचेच, तर कंजुषी कशाला? डब्यावर बारीक अक्षरात ‘आधी अंतर मोजा’ असं काहीतरी लिहिलं होतं. पण मी सॉफ्टवेअरवाला! आम्ही मॅन्युअल लिहितो, वाचत नाही. दोन वीकएंड गराजमध्ये बसून मी पट्ट्याला भोकं पाडून शंभरेक स्टड बसवले. हाताने पट्टा फिरवून पाहिला तर आतून ‘खर्रऽऽ’ असा आवाज आला.

‘‘हा आवाज कसला रे?’’ बायकोने, म्हणजे अर्चनाने, दारातून विचारलं.

‘‘नवीन आहे ना, सेट होईल. नवी चप्पलसुद्धा चावतेच.’’

अशात अर्चनाचे वडील तीन महिन्यांसाठी आले. बाबा आयुष्यभर बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये हेडमेकॅनिक. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे अर्चना त्यांना काचेच्या बरणीसारखी जपायची. घरात बसून बसून ते कंटाळले आणि एका शनिवारी, अर्चना आंघोळीला गेल्याचं पाहून, मला हळूच म्हणाले, ‘‘जावईबापू, ती तुमची बर्फावरची फटफटी एकदा दाखवा की.’’

जावई कोणाचाही आग्रह मोडू शकतो, सासऱ्याचा नाही. दहा मिनिटांत आम्ही तळ्यावर होतो. बाबा मागे बसले होते. अंगावर दोन स्वेटर, माझं जाड जॅकेट, कानटोपी आणि तिच्यावर हेल्मेट.

अर्ध्या तळ्यापर्यंत मी राजा होतो. गाडी सरळ पळत होती! मग मागून बाबा ओरडले, ‘‘खर्र खर्र कसलं वाजतंय?’’

‘‘बर्फाचा आवाज, बाबा!’’

‘‘बर्फ लोखंडासारखा वाजतो होय तुमच्याकडे?’’

तेवढ्यात समोर लाल दिवा लागला. गोडसर वास आला, वाफ निघाली आणि इंजिन गप्प झालं. मागे वळून पाहिलं तर पांढऱ्याशुभ्र तळ्यावर, किनाऱ्यापासून आमच्यापर्यंत, एक हिरवीगार रेघ.

‘‘इंजिन गार ठेवणारं पाणी सोडलं हिनं,’’ बाबा म्हणाले. ‘‘हिचा रेडिएटर कुठंय?’’

‘‘पुढे असेल.’’

‘‘असेल? गाडी तुमचीच आहे ना?’’

आणि ते सरळ बर्फावर आडवे होऊन गाडीखाली बघायला लागले. थंडी शून्याखाली पंधरा, किनारा मैलभर लांब, हृदयात स्प्रिंग घातलेला माणूस बर्फावर झोपलेला, आणि नेमका फोन वाजला. अर्चना!

‘‘कुठे आहात रे?’’

‘‘इथेच... जरा बाहेर.’’

‘‘गारठा बघ किती आहे! बाबांना गाडीतून उतरू देऊ नकोस हं.’’

‘‘नाही, नाही. ते गाडीजवळच आहेत.’’ (शब्दशः खरं!)

‘‘मग इतके गप्प का आहेत?’’

‘‘खालची सीनरी बघतायत,’’ म्हणून मी फोन ठेवला.

बाबा उठले तेव्हा त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. आधीच्या पांढऱ्या वेगळ्या. हा बर्फ होता. ‘‘काही होत नाही मला,’’ ते म्हणाले, पण दात वाजत होते. आता मात्र माझा विनोद संपला. त्यांना चालवत न्यावं तर छातीवर ताण, तिथेच बसवावं तर गोठतील. मी माझ्या अंगातलं जॅकेटही काढून त्यांच्यावर घातलं आणि दोन्ही हात हलवत, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा सगळ्या भाषांमध्ये ओरडत सुटलो.

लांबवर बर्फात मासे पकडणाऱ्यांची एक खोपटी होती. तिचं दार उघडून एक अगडबंब दाढीवाला बाहेर आला. त्याचं नाव डेल. त्याने बाबांना उचलल्यासारखंच आत नेलं, हीटरसमोर बसवलं, कॉफी दिली. अर्ध्या तासाने बाबांच्या गालावर रंग आला आणि त्यांनी विचारलं, ‘‘ह्या माणसाकडे पाने आहेत का विचारा.’’ तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

डेलने स्वतःच्या स्नोमोबिलने आम्हाला ओढत घरी आणलं. दारात अर्चना उभी होती. पुढे डेलला मिठी मारून बसलेले तिचे वडील, मागे दोराला बांधलेल्या गाडीवर बिनजॅकेटचा नवरा. तिने फक्त बाबांना हात धरून आत नेलं. आठ वर्षांच्या संसारात मला सगळ्यात जास्त भीती त्या ‘फक्त’ची वाटली आहे.

डेलच्या घरामागे वेल्डिंगची शेड होती. पुढच्या शनिवारी गाडी तिथे नेली. या वेळी अर्चना बाबांच्या गोळ्या, पोह्यांचा डबा आणि माझ्यावरची नजर घेऊन सोबत आली. काम सुरू झालं तेव्हा बाबा म्हणत होते, ‘‘जावईबापू, जरा तो पाना देता का?’’ पाचव्या बोल्टला, ‘‘अहो, तो नाही, दुसरा!’’ आणि पट्टा बाहेर काढेपर्यंत, ‘‘अरे धर ना नीट! हात आहेत का पडवळं?’’

पट्टा निघाला आणि सगळे वाकून आत बघू लागले. पट्टा ज्या बोगद्यात फिरतो, त्याच्या छतालाच या गाडीचा रेडिएटर असतो. पट्ट्याने उडवलेल्या बर्फाने तो गार होतो. हुशार योजना! फक्त पट्ट्यावर भाले रोवायचे नाहीत. छताची किसणी झाली होती आणि तीन ठिकाणी आरपार भोकं.

‘‘अ‍ॅल्युमिनियम पातळ आहे,’’ डेल म्हणाला. ‘‘वेल्डिंग करताना टिकेल की वितळेल, सांगता येत नाही.’’

पहिलं भोक बुजलं. दुसरं बुजलं. तिसरं बुजता बुजता रुपयाएवढं झालं! डेलने इंग्रजीत आणि बाबांनी मराठीत एकाच वेळी एकच शब्द उच्चारला. शेवटी तिथे ठिगळ लावलं. मग बाबांनी साबणाचं पाणी मागवलं, नळ्यांची तोंडं बंद करून मला सायकलचा पंप मारायला बसवलं आणि पंक्चरवाल्यासारखे बुडबुडे शोधू लागले. कोणाला न दिसलेलं चौथं भोक त्यांनी धरलं. डेलने टोपी काढली.

आखूड स्टड बसवले, पट्टा चढवला, नवं हिरवं पाणी भरलं, इंजिन चालू केलं. पाच मिनिटांत पुन्हा लाल दिवा! मला रडू यायचंच बाकी होतं.

‘‘हवा अडकलीय,’’ बाबा म्हणाले. ‘‘तोंड वर करा हिचं.’’ मी आणि डेलने पुढची बाजू उचलून रंगाच्या डब्यांवर ठेवली. गुडगुड, गुडगुड... आणि दिवा विझला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं झाली, तरी विझलेलाच! अर्चना सात दिवसांत पहिल्यांदा हसली.

हात पुसत डेलने विचारलं, ‘‘पण मला एक सांगा, इतके लांब स्टड लावले कोणी?’’ (तो इंग्रजीत बोलला. मराठीत सांगितलं की मनाला कमी लागतं.)

अर्चना माझ्याकडे बघू लागली. मी पंपाकडे बघू लागलो. आयुष्यात कधी खोटं न बोललेले बाबा माझ्याकडे एकदा पाहून, घसा साफ करून म्हणाले, ‘‘ओल्ड ओनर.’’

‘‘मग तो जुना मालक ठार गाढव होता!’’ डेल म्हणाला.

एवढी सुटका झाल्यावर मला चेव चढला. मी म्हणालो, ‘‘गाढव? अरे, अक्षरशत्रू! डब्यावरची सूचनासुद्धा वाचता येत नाही! असल्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊ नये! माणूस मरता मरता वाचलाय!’’ मी थांबेनाच. शेवटी डेलनेच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘जाऊ दे रे,’’ तो हळुवारपणे म्हणाला, ‘‘त्या बिचाऱ्याला कोणी नीट शिकवलं नसेल.’’

आणि मी गहिवरून म्हणालो, ‘‘थँक यू.’’