पिशवीतली चुनखडी

खरं सांगायचं तर त्या साली माझा येडाईवर, येरमाळ्याच्या डोंगरावरच्या आमच्या देवीवर, राग होता. आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मी एकोणीस वर्षांची होते. परंड्याकडच्या सासरी विहिरीच्या पायऱ्या उतरताना पाय मुरगळला, गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला. महिना उलटला तरी मांडी घालता येईना, चुलीपुढं बसता येईना. सासूबाईंनी मला येरमाळ्याला माहेरी आणून सोडलं आणि आईला म्हणाल्या, "चैताच्या यात्रेपतुर बघू. न्हाय बसता आलं तर पोराचं दुसरं बघावं लागंल." मालक शेजारीच उभे होते, पण खाली बघत होते.

आईनं मालिशवाली लावली. ती सुजलेला गुडघा असा रगडायची की डोळ्यांपुढं अंधारी यायची. कुणी म्हणे सोलापूरला न्या, कुणी म्हणे तिथं गुडघा कापतात. शेवटी पाच मंगळवार अनवाणी डोंगर चढायचा नवस मीच बोलले. ज्या पायासाठी मागणं मागायचं, तोच पाय फरफटत न्यायचा, एवढी मी शहाणी! तिसऱ्या मंगळवारी निम्म्या पायऱ्यांवर गुडघा बाजूला सटकला आणि मी तिथंच बसले. देवळाकडं बघून म्हणाले, "मी चढतेय आन्‌ तूच पाडतीस. आता तुझं तू बघ, माझ्यानं होत न्हाय." मग लई रडले. आईनं आणि शेजारणीनं धरून मला खाली आणलं.

खाली सडकेला एक मोटार बिघडून उभी होती, उतारू लिंबाखाली बसले होते. त्यातली एक नर्सबाई, हैदराबादकडची मुसलमान, माझं लंगडणं बघून आपणहून उठून आली. तिनं मला आडवं केलं आणि गुडघा हळूच इकडंतिकडं हलवून पाहिला. "हड्डी साबूत है," ती म्हणाली. "आतली शीर फाटली, तुटली न्हाय. कापना नक्को. पन मालिश बंद, चढना बंद." तीन आठवडे कपडा गुंडाळलेल्या कामट्या बांधून पाय सरळ ठेवायचा. मग घोट्याला रेतीची पिशवी बांधून, पडल्या पडल्या, पाय ताठ ठेवून उचलायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत तसाच धरायचा. गुडघा दुमडायचा तो त्यानंतर, रोज थोडा थोडा.

आई घाबरत म्हणाली, "आन्‌ नवस? अजून मंगळवार राहिलेत की."

"देवी तुमची माँ है ना?" ती हसली. "माँ दुखऱ्या लेकीला चालवती क्या?"

तेवढ्यात मोटार सुरू झाली आणि ती गेली. तिचं नाव विचारायचंसुद्धा आम्हांला सुचलं नाही.

कामट्या सुटल्यावर आईनं पिशवी शिवली, पण रेती भरली नाही. यात्रेत पालखी खाली आमराईत येते, तेव्हा माणसं चुन्याच्या रानातले चुनखडीचे खडे वेचून देवीच्या नावानं एका ढिगावर टाकतात. त्या रानातलेच खडे तिनं आणले. म्हणाली, "येडाईला सांगून आणलेत. परत तूच न्यायचे." दर आठवड्याला पाच खडे वाढायचे. दुपारी मी खाटेवर पाय उचलायची आणि आई भाकरी थापता थापता चुलीपासून आकडे मोजायची. मी दमले की मुद्दाम सावकाश मोजायची, लबाड! ती दुपार आठवली की अजून त्या भाकरीचा वास येतो.

चैत्रात सासूबाई आणि मालक यात्रेला आले. मी पिशवी घेऊन ढिगापाशी गेले आणि कशालाही न धरता उकिडवी बसले. एकेक खडा ठेवत राहिले. वर पाहिलं तर सासूबाई समोर. "बसलीस की गं," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मालकांनी रिकामी पिशवी माझ्या हातातून घेतली, घडी घालून खिशात ठेवली. त्याच दिवशी मी सासरी गेले.

मी चढून चढून मागत होते तोवर काही मिळालं नाही. हात टेकले आणि तिच्या डोंगराच्या दाराशी मोटार बंद पडली. याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं म्हणावं, मी येडाईचे पाय धरते आणि त्या नर्सबाईचेही.

एक मात्र कबूल करते. सगळे खडे मी परत केले नाहीत. एक कमरेला खोचला होता, तो अजून देव्हाऱ्यात आहे. येडाईला ठाऊक आहे, तिनं कधी मागितला नाही.