घाटात खाल्लेले रोट

देवाची प्रचिती आलेल्या माणसांविषयी मला नेहमीच थोडी शंका वाटत आली आहे. त्यांना नेमक्या वेळी कुणीतरी हात देतं, कुणी वाट दाखवतं, कुणी औषध आणून देतं आणि मग दिसेनासं होतं. मला आजवर साधी रिक्षासुद्धा वेळेवर मिळालेली नाही. मी धुळ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि घरातल्या देवधर्मात माझा वाटा प्रसाद खाण्यापुरता. त्यामुळे या श्रावणात जे घडलं ते लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं तसं सांगते. त्याला काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची मोटारसायकल आमच्या अंगणात राहिली. ती गंजू नये म्हणून मी आधी ती पुसायला लागले, मग रोज चालू करून बघायला लागले, आणि पन्नाशी तोंडावर आलेली असताना एक दिवस चालवायलाच लागले. गल्लीने काही दिवस हसून घेतलं आणि मग तिला दुसरे विषय मिळाले. माझ्या मनात एकच हौस होती. पावसाळ्यात एकटीने तोरणमाळला जायचं. सातपुड्यातला तो सात पायरीचा घाट, रस्त्यावर उतरलेले ढग आणि मागे ‘हळू, हळू’ म्हणणारं कुणी नाही. पण गेल्या वर्षी सोनगीरच्या अलीकडे एका वळणावर सांडलेल्या खडीवरून चाक घसरलं आणि मी गाडीसकट आडवी झाले. घोट्यात धातूची पट्टी बसवावी लागली. हाड जुळून आलं, पण रस्त्यावर खडी दिसली की माझे हात थंड पडायला लागले ते लागलेच.

त्यानंतर मी तोरणमाळचे बेत मात्र पुष्कळ केले. बेत करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. एकदा सगळी तयारी करून निघाले आणि नरडाण्याहून परत आले, घरी सांगितलं की पुढे पाऊस फार आहे. दुसऱ्यांदा टाकी भरून घेतली, देवपुरात दोन चकरा मारल्या आणि भाजी घेऊन घरी आले. तिसऱ्यांदा तर अंगणातच हेल्मेट घालून बसले होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनी दळणाचं विचारायला आल्या आणि मी त्यांच्याशी अगदी मनापासून गप्पा मारत राहिले. गाडी अंगणात अडचण करून उभी होती, आणि मी तिच्यासमोरून जाताना उगाच दुसरीकडे बघायचे.

शेवटी यांनीच विषय काढला. आमचे हे सरकारी कचेरीत आहेत. स्वभावाने गरीब, पण एखादी गोष्ट प्रलंबित राहिली की त्यांना झोप लागत नाही. त्यांनी गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. "कानबाईचा सण होऊ दे. त्यानंतर बुधवारी तो माणूस येतोय. तोवर तू एकटी तोरणमाळला जाऊन आलीस तर गाडी राहील. नाहीतर आपण दोघांनीही हा विषय सोडून देऊ," ते म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. पण ते इतक्या काळजीने म्हणाले, की मला माझीच कीव आली. गाडी गेली असती तर लोखंड गेलं असतं, त्याचं काही नाही. पण मग उरलेलं आयुष्य आपण घाबरट म्हणून काढायचं, हे घरात सर्वानुमते ठरल्यासारखं झालं असतं.

मग चौथा बेत सुरू झाला, आणि या वेळी तो सगळ्या घराचा झाला. यांनी मोबाइलवर रस्ता काढला आणि त्यावर फक्त दवाखाने दाखवले. सोनगीरला कुठला, शिरपूरला कुठला, शहाद्यात हाडांचा कोण. तो रस्ता बघून मी सहलीला चाललेय की दाखल व्हायला, ते कळेना. त्यांचं दुसरं म्हणणं असं, की मी एकटीच जावं, पण ते गाडी करून पाव कोस मागून येतील. मला दिसणारसुद्धा नाहीत. मी त्यांना समजावलं की याला एकटीने जाणं म्हणत नाहीत, वरात म्हणतात. मुलाने पुण्याहून फोनवर टायरमधल्या हवेवर मोठं व्याख्यान दिलं. आणि अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या या कशातच पडल्या नाहीत. त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न होता, तो रोटांचा.

ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना हे सांगायला नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, डोळे लावून कानबाई बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी नदीवर पोचवायची. घरातल्या आणि भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे आणि त्या पिठाचे जाड रोट करायचे. ते रोट आमच्या भाऊबंदांनीच संपवायचे, तेही पौर्णिमेच्या आत. बाहेरच्या माणसाला तुकडाही द्यायचा नाही. आमच्याकडे तर लग्न होऊन गेलेल्या लेकींनाही देत नाहीत. यंदा मुलाला रजा मिळाली नाही, दोन पुतणे आले नाहीत, पण त्यांच्या नावाचे गहू दळलेले होते. रविवारी, सोमवारी आम्ही गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या भाजीबरोबर, खिरीबरोबर, शेवटी नुसत्या चहाबरोबरही रोट खाल्ले. तरी डबा खाली होईना. मंगळवारी सकाळी मी निघताना अक्कांनी दोन रोट फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवले.

"या तुना वाटाना शेतस. तूच खाय. परकाले देवू नको," त्या म्हणाल्या. मी पडेन, धडपडेन याची त्यांना काळजी दिसली नाही. रोटांची होती.

नरडाणं मागे पडलं तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. शिरपूर आलं, शहादा आलं. आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. दोन्ही बाजूंना कापूस गुडघ्याएवढा, आणि पुढे सातपुडा काळसर निळा. मी चक्क गाणं गुणगुणत होते. घाट सुरू झाल्यावर पहिली काही वळणं मी अशी घेतली की यांनी पाहिलं असतं तर गिऱ्हाइकाला तिथूनच फोन केला असता. आणि मग एका वळणावर ढग रस्त्यावर उतरला. समोरचं हातभर दिसेना. ढग थोडा विरळ झाला तर पुढे डोंगरावरून वाहून आलेली खडी, रस्ताभर पसरलेली.

मी गाडी कठड्याला लावली आणि उतरले. गाडीला काहीही झालेलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते, कारण अशा अनुभवांत गाडी बंद पडते आणि देव ती सुरू करतो. इथे बंद पडले होते ती मी. मोबाइलला रेंज नव्हती. मी कठड्यावर बसले आणि चक्क रडायला लागले. दरीतून पाण्याचा आवाज येत होता, आणि इतकी सुंदर जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि मला तिथून फक्त घरी जायचं होतं. बुधवारी गाडी जाऊ दे, असं मी ठरवूनही टाकलं. मी कुणाचं नाव घेतलं नाही, नवस बोलले नाही. एवढंच मनात आलं, की आता माझ्याने होत नाही, पुढचं कुणीतरी बघा बाबा.

तेवढ्यात खालच्या वळणावरून एक बाई चालत वर आली. वय माझ्याहून बरंच जास्त असावं. जांभळी नायलॉनची साडी, प्लास्टिकच्या चपला, डोक्यावर एक गाठोडं, हातात मोबाइल. तिने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि गाठोडं उतरवून माझ्याशेजारी बसली. तिची अहिराणी आमच्याहून जरा वेगळ्या वळणाची, डोंगरातली होती.

"काय वं माय, गाडी बिघडनी का?"

"गाडी ठीक शे. मीच बिघडनी," मी म्हणाले. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तिने मान हलवली आणि विचारलं, "खावाले काही शे का? सकायपाईन पोटमा काही नही."

आता माझ्या पिशवीत बिस्किटाचा पुडासुद्धा नव्हता. होते ते दोन रोट. अक्कांचं वाक्य कानात होतं, आणि समोर एक म्हातारी बाई उपाशी बसली होती. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी वर लिहिलंच आहे. तरी सांगते, फडक्याची गाठ सोडताना घाटापेक्षा मला अक्कांची भीती जास्त वाटली. मी एक रोट तिला दिला. तिने तो सावकाश खाल्ला आणि दुसऱ्याकडे बघत राहिली. मग दुसराही दिला. ती खात असताना मी मनातल्या मनात अक्कांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते, आणि त्या नादात माझं रडू कधी थांबलं ते मला कळलंच नाही.

खाऊन झाल्यावर तिने हात झटकले, गाठोडं उचललं आणि न विचारता गाडीवर मागे जाऊन बसली. "चाल आते. मी बी वर येस." मी म्हणाले, पुढे खडी आहे, मला भीती वाटते, मी परत चालले आहे. तिने ऐकून घेतलं. "तू समोर देख. मांगे मी शे ना," ती म्हणाली. तिला उतरवायचं कसं, हे मला सुचेना. आपल्याकडे पाहुणा गाडीवर बसल्यावर उतर म्हणायची पद्धत नाही. मी गाडी सुरू केली. खडीवर चाक जरा हललं, पण मागचं ओझं घट्ट बसलेलं होतं आणि खांद्यावर तिचा हात होता. तो हात काही करत नव्हता, नुसता होता. ती खडी गेली, पुढची वळणं गेली. वर तळ्याच्या अलीकडे एका पायवाटेपाशी तिने माझ्या पाठीवर थाप मारली, उतरली आणि मागे न बघता मक्याच्या शेतांमधून निघून गेली.

मी तळ्याकाठी बराच वेळ बसले. चहा घेतला. पुन्हा थोडी रडले, पण ते वेगळं रडणं होतं. उतरताना मागे कुणी नव्हतं. खडी तशीच पडलेली होती. मी गाडी हळू केली, समोर पाहिलं आणि त्यावरून गेले.

घरी पोचले तेव्हा हे फाटकातच उभे होते. त्यांनी आधी माझे हातपाय पाहिले, मग गाडी पाहिली. चहा घेता घेता मी सगळं खरं सांगून टाकलं, कारण अक्का समोर बसलेल्या होत्या आणि त्यांच्यापुढे खोटं टिकत नाही. ऐकून यांच्यातला कचेरीतला माणूस जागा झाला. "म्हणजे वर जाताना तू एकटी नव्हतीस," ते म्हणाले. मी म्हणाले, उतरताना होते. ते म्हणाले, ठरलं होतं ते जाऊन येण्याचं, नुसतं येण्याचं नव्हे. त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. उद्या येणाऱ्या गिऱ्हाइकाचा चेहरा मला दिसायला लागला.

मग अक्कांनी चौकशी सुरू केली. साडी कुठल्या रंगाची, कपाळावर काय होतं, गाठोड्यात काय होतं. मी रोट परक्या बाईला दिल्याबद्दल बोलणी खायच्या तयारीत होते. मी सांगितलं की अक्का, साधी बाई होती, हातात मोबाइलसुद्धा होता. "आते बठ्ठासपान ऱ्हास," आता सगळ्यांपाशीच असतो, असं म्हणून अक्कांनी तो मुद्दा निकालात काढला. मग त्यांनी विचारलं, "पानी दिधं का तिले?"

माझी बाटली पिशवीत भरलेली होती. रोटाच्या आणि अक्कांच्या धास्तीत मला ती सुचलीच नव्हती. मी नाही म्हणाले. अक्कांचा चेहरा असा झाला, की मी या घरात आल्यापासून तो पाहिला नव्हता. परक्याला रोट दिल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, की वाटून तेही मागे पडलं होतं, कोण जाणे. "इतला कोरडा रोट, आनि पानी नही दिधं?" त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळाने पदराने डोळे पुसून त्यांनी यांच्याकडे पाहिलं. "येता ऐतवारले ही पानी लई जाई. तोपावत गाडीले कोन्ही हात लावाना नही."

हे उठले आणि ओट्यावर जाऊन गिऱ्हाइकाला फोन केला. आवाज फार खाली होता, पण मी ऐकला. घरातूनच परवानगी मिळत नाही, असं ते त्याला सांगत होते.

त्या रविवारी मी गेले. नंतरही गेले, आता महिन्यातून एकदा तरी जातेच. गाडीला पाण्याची कळशी बांधायचा अक्कांचा आग्रह होता, मी तो मोठ्या बाटल्यांवर आणला. ती बाई पुन्हा भेटली नाही. घाटात पायी चढणारं जे कुणी दिसतं त्याला मी थांबून पाणी विचारते. बहुतेक जण घेतात, काही जण माझ्याकडे संशयाने बघतात. ती कोण होती, हे मी आता कुणाला विचारत नाही, स्वतःलाही नाही. वर्गात मी अजून पुराव्याशिवाय काही बोलत नाही. एवढं मात्र मला पटलं आहे, की त्या दिवशी मी हात टेकले नसते तर कठड्यावर बसले नसते, आणि बसले नसते तर ती माझ्याजवळ बसायला आली नसती. तिचे उपकार मानायला मला तिचं नाव ठाऊक असण्याची गरज वाटत नाही. घरी परतल्यावर अक्का दर खेपेला पहिल्यांदाच विचारावं तसं विचारतात, भेटनी का? मी नाही म्हणते. त्या म्हणतात, मंग परत जानं पडी.