प्रज्ञाने थांबवलेला स्लॅब

गेल्या गुरुवारी गिरगावच्या फणसवाडीत आमच्या नव्या इमारतीचा शेवटचा स्लॅब भरायचा होता... आणि भरला नाही.

आमची जुनी चाळ पाडून आम्ही रहिवासीच सोसायटी करून ही इमारत बांधतोय. मध्ये बिल्डर नाही. त्यामुळे उभी राहिली तर कौतुक आमचं, आणि काही झालं तर डोकीही आमचीच!

तोवर सगळी बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत विखुरली आहेत. आमचे चेअरमन सामंतकाका अँटॉप हिलला राहतात. काकू बरेच दिवस आजारी आहेत, आणि मला एकदा गिरगावात नेऊन ठेवा एवढंच त्यांचं मागणं आहे. गुरुवारचा मुहूर्तही त्यांनीच काढून घेतला होता.

सकाळी गल्लीचं अगदी लग्नघर झालं होतं. खुर्च्या मांडलेल्या, पेढे वाटून झालेले, कामगारांसाठी श्रीखंड-पुरीचं जेवण. काकू टॅक्सीने आल्या, नारळ फुटला. काँक्रीटच्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी घरघरत उभ्या होत्या.

तेवढ्यात प्रज्ञा खालच्या मजल्यावर शेवटची नजर टाकून आली आणि म्हणाली, "काम थांबवा."

प्रज्ञा आमची इंजिनिअर. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, कंत्राटदाराच्या कामावर लक्ष ठेवायला सोसायटीने नेमलेली. नव्या स्लॅबचा सगळा ओला भार पेलणारे लोखंडी टेकू खालच्या स्लॅबवर उभे असतात... आणि त्याच खालच्या स्लॅबला एका कोपऱ्यात तिला बारीकशी भेग दिसली होती. वरवरची की खोलवरची, ते तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. डिझाइन करणारे इंजिनिअर बाहेरगावी. आणि एकदा काँक्रीट ओतलं की ते काही परत गाडीत भरता येत नाही.

काम सुरू झालं तेव्हाच सामंतकाकांनी एक ठराव करून घेतला होता. शंका आली तर काम थांबवायचा हक्क प्रज्ञाचा. ती हो म्हणेपर्यंत चेअरमननेही ते सुरू करायचं नाही. आणि का थांबवलं, ते त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं. आम्ही बटाटेवडे खाता खाता हात वर केले होते... एवढं लक्ष कोण देतंय!

कंत्राटदार काकांच्या मागे लागला. "काका, केसाएवढी भेग आहे हो. तुम्ही एक शब्द टाका ना."

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं. "माझ्या हातात नाही ते," म्हणाले आणि खाली बसले. गाड्या परत गेल्या, आणि कामगारांच्या पंगतीला बसून आम्हीही श्रीखंड खाल्लं.

शनिवारी डिझाइनवाले इंजिनिअर आले, तपासणी झाली. रविवारी मीटिंग. मी लवकर जाऊन पुढची खुर्ची पकडली... खोटं कशाला बोलू, पक्का गिरगावकर आहे, फुकटचं भांडण सोडत नाही.

निकाल काय, तर भेग वरवरची. स्लॅब ठणठणीत. त्या दिवशी भरला असता तरी काही झालं नसतं.

झालं... हॉलमध्ये गलका सुरू. मुहूर्त उगाच घालवला, नुकसान कोण भरणार, मुलगी घाबरट आहे, दुसरा इंजिनिअर बघा. प्रज्ञा भिंतीशी उभी होती, चेहरा पार उतरलेला. तिचं काम आता जाणार हे मला दिसत होतं, आणि भांडण बघायची माझी हौस तिथेच फिटली.

सामंतकाका उठले. आता हेच तिला झापणार, असं वाटलं... सगळ्यात जास्त घाई तर त्यांच्याच घरात होती.

काकांनी तिला एकच विचारलं. "गुरुवारी तुला जेवढं माहीत होतं, तेवढंच आज माहीत असतं, तर काय केलं असतंस?"

"थांबवलं असतं, काका."

"मग चूक कुठे झाली?" हे त्यांनी आम्हाला विचारलं. "आज हिला बोल लावलेत, तर पुढच्या वेळी ही शंका गिळून टाकेल. आणि त्या स्लॅबखाली झोपायचंय आपल्यालाच."

निकाल बघून निर्णयाला नावं ठेवणारे आम्ही सगळे... आणि हा माणूस घरातलं दुखणं बाजूला ठेवून निर्णय तेवढा बघत होता. मग त्यांनी प्रज्ञाच्या आभाराचा ठराव मांडला. या वेळी वडे नव्हते, तरी हात वर गेले. आधी थोडे, मग सगळे.

आज सकाळी पुन्हा गाड्या आल्या. मुहूर्त वगैरे काही नाही. काकू मात्र हट्टाने आल्या होत्या, मांडीवर नारळ घेऊन. त्यांनी तो प्रज्ञापुढे धरला.

ती संकोचली. "काकू, मी नारळ नाही फोडत हो."

"माहीत आसा माका," काकू हसल्या. "तू नुसता होय म्हण गो बाय. माका तेवढोच मुहूर्त पुरे."

प्रज्ञा जिना चढून स्लॅबखालच्या मजल्यावर गेली. एकेक टेकू हाताने हलवून पाहिला, त्या कोपऱ्यात पुन्हा वाकून बघितलं. आम्ही सगळे गल्लीत माना वर करून उभे... एकानेही घाई केली नाही.

मग वरून तिचा आवाज आला, "हो, चालू करा!"

काकूंनी हात जोडले. देवाला की प्रज्ञाला, ते मी विचारलं नाही... मीही जोडले.