ओल्या पावलाचं माप

माझ्या वडिलांच्या डाव्या पायाला आता तीनच बोटं आहेत. बाकीची दोन मी केलेल्या बुटानं खाल्ली. असं मी कुणापुढे बोललो की समोरचा माणूस घाईघाईनं म्हणतो, छे छे, साखरेचा आजार तो, त्यात तुमचा काय दोष? मला या दिलाशाचा राग येतो. एकतीस वर्षं मी बूट करण्यात घालवली. दोष नेमका कुठे होता हे मला टाक्याटाक्यानिशी ठाऊक आहे. आणि प्रकरण अजून संपलेलंही नाही. पुन्हा जखम झाली आणि वेळेवर लक्षात आली नाही, तर या खेपेला बोटांवर भागणार नाही, पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं मराठी घर. या घरात चामड्यानं उंबरा ओलांडलेला नाही. दारापुढे तिण्णै, म्हणजे बसायचा दगडी ओटा, आणि त्याच्या खाली एका बाजूला नळ. बाहेरून आलं की सेरप्पु, म्हणजे चपला, खाली काढायचे, नळावर पाय धुवायचे आणि मगच वर चढायचं. पाहुणा असो की डॉक्टर, नियम सगळ्यांना एकच. अशा घरातला मी एकुलता एक मुलगा अंबूरच्या बुटांच्या कारखान्यात चिकटलो. आधी हिशेबनीस म्हणून गेलो आणि वर्षभरात नमुने कापायच्या खोलीत जाऊन बसलो. वडील लोकांना सांगत, मुलगा एक्सपोर्टमध्ये आहे. कसलं एक्सपोर्ट, असं कुणी विचारलंच तर ते तांदळाच्या भावावर घसरत. पोंगलला मी गावी आलो की मला मागच्या दारानं यावं लागे, विहिरीवर आंघोळ करावी लागे, तेव्हा कुठे आई पान वाढायची. मी धुसफुसायचो, पण निमूटपणे सगळं करायचो.

त्या बुटांनी मला वेड लावलं होतं हे मात्र खरं. आमच्याकडून ते परदेशी जात, आणि प्रत्येक जातीमागे काहीतरी हकिकत असे. ऑक्सफर्डची नाडी ज्या पट्ट्यांतून जाते ते पट्टे पुढच्या चामड्याखाली शिवलेले असतात, त्यामुळे पाऊल बंद पाकिटात घातल्यासारखं नीट दिसतं. म्हणे तिकडच्या विद्यापीठातली पोरं उंच बुटांना कंटाळली आणि त्यातून हा निघाला. डर्बीचे पट्टे वरून शिवलेले आणि मोकळे. त्याचंच एक भावंड एका प्रशियन सेनापतीनं आपल्या सैनिकांसाठी करवून घेतलं, कारण त्यांना पटकन पाय घालून पळायचं होतं. सुजलेल्या, जाड, वाकड्या पायाला डर्बी सांभाळून घेतो, ऑक्सफर्ड घेत नाही. ब्रोगवरची भोकं आता शोभेची झाली आहेत, पण मुळात ती आयर्लंडच्या दलदलीतलं पाणी निथळून जावं म्हणून पाडलेली. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खूप हसलो होतो. आमच्या कावेरीकाठचा माणूस चिखलात उतरताना पायातलं बांधावर काढून ठेवतो. बुटाला भोकं पाडून चिखलात जायची अक्कल आम्हाला कधी सुचली नाही.

या सगळ्यांत माझा जीव ऑक्सफर्डवर होता. तो करणाऱ्याला चूक लपवायला जागाच मिळत नाही.

वडील ओरत्तनाडुच्या तालुका कचेरीत कारकून होते. जन्मभर बसनं गेले-आले ते रबरी सेरप्पु घालूनच. बूट त्यांच्या पायाला कधी लागला नव्हता. तीन वर्षांपूर्वी नोकरी संपवून मी बायकोसह घरी परतलो तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते, साखर जुनी होती, पण सकाळी राजवाड्याला फेरी मारून कोपऱ्यावर पेपर वाचायला जायचे ते जायचेच. एकदा बायको मला सासऱ्यांबद्दल म्हणाली, "मामा आज एकाच पायांत सेरप्पु घालून आले. दुसरा कोठें पडला म्हणून विचारलें तर त्यांस ठाऊकच नव्हतें." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, वय झालं, विसरतात. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं, आणि मी पुन्हा हसलो.

त्यानंतर एके सकाळी वडील तिण्णैवर माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मज एक जोडा करून दे. नाडी बांधायचा."

मी चाटच पडलो. एकतीस वर्षांत त्यांनी माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि आज माझ्या हातचा जोडा मागत होते! कशाला हवा, असं मी विचारलंच नाही. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, बापानं आपल्याला पत्करलं. असं वाटल्यावर माणूस प्रश्न विचारतो का? त्या दिवशी मी दोनदा जेवलो असेन.

माप घ्यायला मी कागद आणला आणि तिथेच अडलो. कागद म्हणजे सरस्वती, त्यावर पाय ठेवायचा नाही. वडिलांनी पाय मागे घेतला. मी जुना पेपर आणला, तोही चालेना, त्यावरही अक्षरं होतीच. कापडी फीत पावलाभोवती गुंडाळू म्हटलं, तर मुलगा असलो तरी चामड्याच्या कामातली फीत ती, सोवळ्यात नको. शेवटी तोडगा मीच काढला आणि त्यावर खूशही झालो. सकाळी ते फिरून आले, नळावर पाय धुऊन तिण्णैवर चढले, की दगडावर ओली पावलं उमटायची. ती वाळायच्या आत मी गुडघे टेकून त्यांची लांबीरुंदी मोजून घेतली. डावा, उजवा, दोन्ही. वडील दारातून पाहत होते, मला वाटतं जरा हसलेही.

आमच्या कारखान्यात पहिल्या महिन्याच्या पोरालाही ठाऊक असतं की माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय फुगतो. आणि ओल्या ठशात फक्त तळवा उमटतो, बोटांची उंची उमटत नाही. हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? मी अंबूरला गेलो, आठवडाभर राहिलो, साहेबांना विचारून जुन्या टेबलावर बसलो आणि काळा ऑक्सफर्ड केला. डर्बी करायला हवा होता. ऐंशीच्या, साखरेच्या पायाला दुसरं काही करायचंच नसतं. पण बापानं जन्मात एकदा मागितलेला जोडा साधा कसा करायचा? मला त्यांना माझं उत्तम काम दाखवायचं होतं. त्यांना काय हवं होतं, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

जोडा त्यांनी तिण्णैखाली उभं राहून घातला. मी नाडी बांधली.

"अप्पा, कुठे दुखतें कां? करंगळीशीं?"

"नाहीं. कोठेंच दुखत नाहीं."

"चालून पाहा."

ते नळापर्यंत गेले, परत आले. "बरोब्बर झाला," म्हणाले. मला आकाश ठेंगणं झालं. पहिल्याच घालण्यात कुठेही न दुखणारा ऑक्सफर्ड जगात नसतो हे मला ठाऊक होतं, तरी मी ते माझ्या हाताचं कसब समजलो.

पुढचे पाच-सहा आठवडे वडील रोज बूट घालून फिरायला गेले. परत आले की बूट तिण्णैखाली, मोजे त्यांच्याच हातानं नळाखाली. चामड्याच्या आत गेलेले मोजे सुनेला धुवायला द्यायचे नाहीत, हा त्यांचा स्वतःचा नियम. मग पाय धुवायचे आणि घरात यायचे. मोज्याला लागलेलं रक्त असं रोज नळाबरोबर वाहून गेलं. त्यांची नजर अधू झालेली, वाकून पाहणं होत नसे. आमच्या घरच्या स्वच्छतेनं ती जखम आमच्यापासून लपवून ठेवली, आणि मला त्या नळाचा आजही संताप येतो.

बायकोच्या लक्षात आलं ते फरशीवरून. वडील पाय पुसून आत येऊन तास झाला होता, तरी ते जिथे बसले होते तिथे फरशीवर एक ओला डाग होता. तिनं दिवा जवळ धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं.

इस्पितळात डॉक्टरांनी बूटही मागवून घेतला. वयानं माझ्याहून लहान, सौम्य माणूस. त्यांनी बुटात हात घालून बोटांनी आतून चाचपलं, मग तो उलटा करून तळ पाहिला. "फार सुरेख काम आहे," ते तमिळमध्ये म्हणाले. "कोणी केला?"

वडील खाटेवरून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या मुलानं. तो बूटच करतो. एकतीस वर्षं करतो आहे."

जन्मभर हे ऐकायला मी तरसलो होतो. तिथे ऐकलं आणि बाहेर जाऊन जिन्यात बसून रडलो. दुसऱ्या दिवशी ती दोन बोटं काढली.

घरी आणल्यावर मी त्यांच्यावर ओरडलो. आजारी माणसावर ओरडू नये, पण मी ओरडलो. पायाला काही कळत नव्हतं तर सांगितलं का नाही?

"तूं विचारलास, दुखतें कां म्हणून," ते शांतपणे म्हणाले. "दुखत नव्हतें. मी खोटें सांगूं?"

"मग नाडीचा जोडा कशाला मागितला?"

"सेरप्पु पायांतून निघून जातो तें मज कळत नाहीं. बांधलेला जाणार नाहीं."

"हें तरी सांगायचें होतें!"

"सांगितलें असतें तर फिरायला सोडलें असतेंस?"

सोडलं नसतं. म्हणून ते माझ्याकडे आले होते. मला पत्करायला नव्हे, पायात काहीतरी टिकून राहावं म्हणून. हे कळल्यावर मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला तो स्वतःचाच, आणि तो अजून उतरलेला नाही.

आता ते घरातही मऊ रबराचा सेरप्पु घालतात. डॉक्टरांचा हुकूमच आहे. रबर आहे, चामडं नाही, म्हणून निभावलं. देवघरापाशी तेवढे खुर्चीवर बसून बाहेरूनच हात जोडतात. आणि रोज संध्याकाळी मी त्यांचे पाय तपासतो. पहिले काही दिवस माझ्या मांडीवर पाय ठेवायला ते तयार नव्हते, ओढून घ्यायचे. मग सवय झाली. मी तळवे पाहतो, बोटांच्या बेचक्या पाहतो. डॉक्टरांनी एक ताठ नायलॉनचा दोरा दिला आहे. वडिलांनी डोळे मिटायचे, मी दोऱ्याचं टोक पावलावर ठिकठिकाणी टेकवायचं, आणि कळलं की त्यांनी "हं" म्हणायचं. डाव्या पायाची आशा कुणी धरलेली नव्हती. पण उजवा पाय सगळीकडे "हं" म्हणत होता. टाच, चवडा, अंगठा, करंगळी. आठवड्यामागून आठवडे मी ते वहीत लिहीत होतो आणि बायकोला सांगत होतो की उजवा सुखरूप आहे. त्या एका पायाच्या जोरावर मला रात्री झोप लागत होती. उजव्याला कळतंय म्हणून मी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत एकटं जाऊही देत होतो.

परवाच्या संध्याकाळी तपासताना दोरा माझ्या बोटांतून निसटला आणि खुर्चीखाली गेला. वडिलांचे डोळे मिटलेले होते. मी त्यांचं उजवं पाऊल हलकेच स्टुलावर टेकवलं आणि दोरा शोधायला वाकलो.

वरून आवाज आला, "हं."

माझे दोन्ही हात फरशीवर होते.

जरा वेळानं पुन्हा, "हं." मग आणखी तेवढ्याच वेळानं, "हं." मी रोज जेवढा वेळ घेतो, अगदी तेवढाच.

मी वर पाहिलं. डोळे घट्ट मिटून, मान किंचित कलती करून ते मन लावून उत्तरं देत होते. पाच वेळा, सहा वेळा. मग विचारलं, "झालें कां? कसा आहे?"

"चांगला आहे, अप्पा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर खरोखरचं समाधान होतं. खाली वाकून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पाहा," ते म्हणाले, "दोन्हीं बूट तूंच केलास ना? ह्या पायाला कांहीं झालें कां? तुज्या बुटानें कांहीं केलेलें नाहीं."

मी मान वर केली नाही. खुर्चीखाली हात फिरवत दोरा शोधत राहिलो. दोरा केव्हाच माझ्या मुठीत होता.